आईबाबांना पहिल्यांदा मोठ्या हॉटेलात जेवायला नेताना

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर एक जुनं हॉटेल आहे. खाली मिठाईचं दुकान, वर एसी हॉल. हॉलमध्ये लाकडी पट्ट्यांच्या भिंती, खुर्च्यांना पांढरे खोळ, ग्लासात घडी करून खोचलेले रुमाल. माझे बाबा एसटीत चालक होते. त्या हॉटेलासमोर त्यांनी हजारो वेळा गाडी लावली असेल, खाली उभ्यानं चहाही घेतला असेल, पण वरचा जिना ते कधी चढले नव्हते. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही सगळे तिथे गेलो. जेवण चांगलं होतं. तरी माझ्याकडून दोन-तीन गोष्टी राहून गेल्या आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

त्यानंतर घरातली आणि शेजारपाजारची अशी बरीच जेवणं मी ठरवली. कोणाची मुलगी नर्स म्हणून लागली, कोणाचा मुलगा तलाठ्याच्या यादीत आला, कोणाच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. खेड्यातून येणाऱ्या आणि हे पहिल्यांदाच करणाऱ्या घरांसाठी मी हे लिहिते आहे. प्रत्येक पायरीला एकच विचार मनात ठेवा: ज्याच्यासाठी हे जेवण आहे, त्या माणसाला तिथे एकदाही अवघडल्यासारखं वाटू नये.

पहिली पायरी: आधी एकट्याने जाऊन या

आठ-दहा दिवस आधी, मधल्या वारी दुपारी जा. चहा घ्या, एखादी थाळी खा आणि डोळे उघडे ठेवा. जिन्याला कठडा आहे का? हात धुवायची जागा कुठे आहे? गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसता येईल असं कमोडचं संडास आहे का? आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या हॉटेलांत बार आणि फॅमिली हॉल एकाच इमारतीत असतात. दोघांची वाट वेगळी आहे की बारमधूनच जावं लागतं, हे बघितलंच पाहिजे. आजीला आणि सुनांना पहिल्या दहा पावलांतच संकोच वाटला, तर तो जेवण होईपर्यंत जात नाही.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, त्यावर चौदा आकडी नंबर असतो. तो दिसला की बरं वाटतं.

मग गल्ल्यावर जा. जुन्या हॉटेलात गल्ल्यावर मालक नाहीतर त्यांचा मुलगा बसलेला असतो, मागे गजानन महाराजांचा फोटो, कुठे तुकडोजी महाराजांचाही, ताज्या हारासकट. त्यांना नमस्कार करा आणि सरळ सांगा: "बाबा रिटायर होताहेत, अकरा माणसं येऊ, पहिल्यांदाच येतोय." यात लाजण्यासारखं काही नाही. ते हॉलच्या कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या मुख्य माणसाला हाक मारतील. हा कॅप्टन बहुधा वीस-पंचवीस वर्षं तिथेच असतो आणि तुमची संध्याकाळ त्याच्याच हातात असते. त्याचं नाव विचारून ठेवा, फोन नंबर घ्या, मेनूकार्डाचे फोटो काढून आणा.

खर्चाचा अंदाज मी असा काढते: पनीरच्या एका भाजीचा जो भाव असेल, त्याला माणसांच्या संख्येने गुणायचं आणि आलेला आकडा दीडपट करायचा. भाजी २२० रुपयांची आणि माणसं दहा असतील, तर ३,३०० रुपये. शाकाहारी जेवण, सुरुवातीचं थोडं काही आणि शेवटचं गोड त्यात बसतं. मटण असेल तर त्याचे पैसे वेगळे धरा.

वार आणि वेळ

मटण-कोंबडी खाणारं घर असलं तरी आपल्याकडे गुरुवारी गजानन महाराजांचा वार म्हणून बरेच जण खात नाहीत. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा शनिवार. एकादशी आणि श्रावण तर बघावेच लागतात. माणसांची यादी करतानाच प्रत्येकाच्या नावापुढे वार लिहून घ्या. लग्नसराईत आणि रविवारी रात्री हॉल भरलेला असतो, स्वयंपाकघराचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. मंगळवार किंवा बुधवार सगळ्यात बरा.

वेळ संध्याकाळी सातची घ्या. शहरात नऊला जेवतात, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोवर झोप यायला लागते. शिवाय परतीचा रस्ता आहे. कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं आडवी येतात. साडेनवाला निघून दहाच्या आत घरी, असा हिशेब ठेवा. गाडी भाड्याची असेल तर ड्रायव्हरच्या जेवणाचंही आधीच ठरवा, तो भाऊ उपाशी बाहेर बसू नये.

दारूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या जेवणात ती नको. टेबलाचे दोन भाग होतात, एकीकडे ग्लास चालू राहतात आणि दुसरीकडे बायका-मुलं थंड झालेल्या भाजीकडे बघत बसतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, तिथे हा विषयच निघत नाही. चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ मध्ये उठली.

फोनवर काय काय सांगून ठेवायचं

दोन-तीन दिवस आधी कॅप्टनला फोन करा. माणसं किती, मुलं किती, कोणाला साखरेचा त्रास आहे, कोणाला बीपी आहे, हे सांगा. बाबांना कवळी आहे. तंदूरची रोटी गार झाली की चामड्यासारखी होते, ती त्यांना चावत नाही. पहिल्या वेळी हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांनी रोटी तुकडे करून वरणात बुडवून ठेवली आणि भातावरच जेवण आटोपलं. हल्ली मी आधीच सांगते, "दादा, दोन माणसांसाठी तव्यावरचे मऊ फुलके पाहिजेत." कार्डावर नसले तरी जुन्या हॉटेलात ते करून देतात. आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

ॲडव्हान्स द्या आणि पावती घ्या. एकदा एका हॉटेलात मी नुसतं तोंडी ठरवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आमचं टेबल साखरपुड्याच्या पाहुण्यांना देऊन झालं होतं. पाऊण तास आम्ही जिन्याखाली उभे होतो, हातात शाल-श्रीफळाची पिशवी घेऊन. पाचशे रुपयांची पावती असती तर ही वेळ आली नसती.

काय मागवायचं

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण गोंधळ इथेच होतो.

मेनूकार्ड मोठ्या माणसांच्या हातात देऊ नका. आमच्या आईनं कार्ड घेतलं, पदार्थांची नावं वाचलीच नाहीत, बोट थेट उजवीकडच्या आकड्यांवरून फिरवलं. मग कार्ड मिटून म्हणाली, "एवढ्याच्यात तं घरी सारं खटलं जेवलं असतं, बाप्पा. मले भूक नाही, वरन-भात सांग." तिला भूक होती, सकाळपासून उत्साहात होती. त्या आकड्यांनी तिचा घास अडवला. म्हणून जेवण आधीच ठरवून ठेवा. तिथे बसल्यावर नुसतं तोंडी विचारा, "आई, तिखट चालेल का मऊ काही सांगू?"

आता कार्डाबद्दल. पनीरच्याच पंधरा-वीस भाज्या बघून डोकं चक्रावतं. पण अशा हॉटेलांच्या स्वयंपाकघरात सकाळी मोठ्या पातेल्यांत तीन-चार रश्शेच करून ठेवतात: टोमॅटोचा लाल, काजू-मगजाचा पांढरा, भाजलेल्या कांद्याचा तपकिरी आणि कुठे पालकाचा हिरवा. बहुतेक नावं याच पातेल्यांतून निघतात. तुम्ही पनीर बटर मसाला, पनीर मखनी आणि व्हेज मखनवाला मागवलं, तर तिन्ही वाट्यांत जवळपास एकच गोडसर लाल चव येते. त्यामुळे कॅप्टनला विचारा, "लाल कोणती, पांढरी कोणती, कांद्याची कोणती?" आणि प्रत्येकातली एकच घ्या. गोडसर रस्सा आपल्या वऱ्हाडी तोंडाला एका वाटीपलीकडे जात नाही.

बाकीचं जेवण आपलंच ठेवा, असा माझा आग्रह आहे. पाटोडी-रस्सा, डाळभाजी, कढी-गोळे, गोळाभात किंवा वडाभात. हिवाळा असेल तर सांबारवडी, म्हणजे बाहेरचे लोक जिला पुडाची वडी म्हणतात ती. नवीन सुनेला किंवा पुण्याकडच्या जावयाला सांगून ठेवा की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तिचा इडलीच्या सांबाराशी संबंध नाही. हिवाळ्यात सांबाराच्या हिरव्यागार जुड्या बाजारात ढिगानं येतात, तेव्हाच या वडीची खरी चव. हे पदार्थ रोजच्या कार्डावर नसतात, पण जुन्या हॉटेलातला आचारी इथलाच असतो. दोन दिवस आधी सांगितलं तर तो आनंदानं करतो. वडाभातावर ओतायचं हिंग-मोहरी-लाल मिरचीचं तेल गरम करून ऐनवेळी टेबलावर आणायला सांगा. त्या तेलाचा चर्रर्र आवाज आला तेव्हा आमचे बाबा खुर्चीत सावरून बसले. तोवर ते पाहुण्यासारखे बसले होते.

मटण खाणारे असाल तर बरीच हॉटेलं किलोवर करून देतात, तेही आदल्या दिवशी सांगावं लागतं. सोबत मटक्यावरची लांब रोटी मिळत असेल तर जरूर सांगा. कणीक सैल भिजवून आपटून आपटून लवचिक करतात, हातावर लांबवत नेतात आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मटक्यावर टाकतात. मऊ रुमालासारखी निघते, कवळीलाही चालते. करणारी बाई रोज येत नाही, म्हणून आधी विचारायचं.

सावजी मसाल्याबद्दल एक सूचना. हा नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी समाजाचा स्वयंपाक. मसाले काळपट होईपर्यंत भाजायचे, पूर्वी तेलही जवसाचं असायचं. पहिला घास सोसतो, तिखट मागून चढतं. सवय नसलेला पाहुणा असेल तर रस्सा वेगळ्या वाटीत मागवा, मुलांसाठी साधा भात आणि दही सांगून ठेवा. पाणी पिऊन ते तिखट उतरत नाही, दह्यानं किंवा मठ्ठ्यानं उतरतं.

दहा माणसांसाठी माझं माप असं: सुरुवातीला दोन प्लेट वड्या किंवा भजी आणि पापड, चार भाज्या, दोन डाळभाजी, भाताच्या तीन प्लेट, रोट्या माणशी अडीच धरून. हे सगळं एकदम आणू नका म्हणून कॅप्टनला बजावा. रोट्या आठ-आठ करून येऊ द्या, पहिल्या संपत आल्या की पुढच्या सांगा. घरच्यासारखा आग्रह हॉटेलात करू नका. "अजून घ्या जी" म्हणत ताटात टाकलेलं तसंच राहतं. वाढायचं काम वाढणाऱ्याला करू द्या आणि आपण जेवा.

बसायचं कसं

ज्यांचा मान आहे त्यांना लांब टेबलाच्या टोकाला बसवायचा मोह होतो. तिथे ते एकटे पडतात. मधोमध बसवा, भिंतीकडे पाठ करून, म्हणजे सगळे दिसतात आणि मागून वाढणाऱ्यांची ये-जा होत नाही. एसीचा झोत अंगावर येत नाही ना, तेवढं बघा. एका बाजूला त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला आवडतं नातवंड. आणि घरात रोज शेवटी जेवणाऱ्या बायका आज सगळ्यांसोबत, पहिल्या पंगतीला बसतील, हे तुम्हीच बघा. सांगितलं नाही तर त्या सवयीनं मुलांना भरवत उभ्या राहतात.

वाढणाऱ्याला "भाऊ" किंवा "दादा" म्हणा. चुटकी वाजवून बोलावू नका.

काटा-चमचा टेबलावर असला तरी हातानं जेवा. यजमानानं पहिला घास हातानं घेतला की सगळ्यांचे खांदे सैल होतात.

लिंबाचं पाणी

जेवण संपताना प्रत्येकापुढे एक वाटी येते. कोमट पाणी, त्यात लिंबाची फोड. निवृत्तीच्या जेवणाला ती आली तेव्हा बाबांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. समोर बसलेला एक पाहुणा हसला. बाबांनी वाटी खाली ठेवली, खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि नंतर आलेल्या गुलाबजामला हातही लावला नाही. कोणी काही बोललं नाही. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यावर उपाय अगदी सोपा आहे. वाट्या आल्या की सगळ्यात आधी यजमानानं स्वतः, सगळ्यांना दिसेल असं, बोटं बुडवायची, लिंबाची फोड बोटांवर चोळायची आणि रुमालाला पुसायचं. बोलायचं काही नाही, बघून सगळे करतात. पुढच्या वेळी मी कॅप्टनलाही आधीच सांगितलं होतं. त्यानं पहिली वाटी बाबांपुढे ठेवली आणि हळूच म्हणाला, "बोटं बुडवा जी काका, तेलकट झाले असतीन." बाबांनी निवांत बोटं बुडवली, मग नातवाचीही धुऊन दिली.

सत्कार आणि केक

औक्षण घरीच करून निघा. कुंकू-अक्षता टेबलाच्या पांढऱ्या कापडावर सांडतात आणि दिव्याला पंख्याचा वारा लागतो. हॉटेलात शाल-श्रीफळ द्या, जेवणाआधी, सगळे ताजेतवाने असताना. दोन शब्द बोलायचे तर घरातल्या सगळ्यात लहान, वाचता येणाऱ्या मुलाकडून चार ओळी वाचून घ्या. मोठ्यांची भाषणं लांबतात.

केक आणणार असाल तर आधी विचारा, काही ठिकाणी बाहेरचं चालत नाही. फेसाचा स्प्रे मात्र आणू नका. तो पेट घेतो, आणि तिथेच मेणबत्त्या लावलेल्या असतात.

बिल

बिल टेबलावर येऊच देऊ नका. गोड यायच्या सुमाराला हात धुवायला म्हणून उठा आणि गल्ल्यावर जाऊन भागवा. नाहीतर भाऊ-भाऊ पाकिटं काढून ओढाताण करतात आणि मधे बसलेले वडील आकडा ऐकतात. भावंडांत वाटणी करायची असेल ती आदल्या दिवशीच करा. वरच्या मजल्यावर बऱ्याचदा मोबाईलला रेंज नसते, रोख जवळ असू द्या.

बिल शांतपणे वाचा. जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, तो अडीच-अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. ४,००० रुपयांच्या जेवणावर शंभर आणि शंभर, असे दोनशे. लहान उलाढालीचं हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. 'सर्व्हिस चार्ज' नावाची ओळ असेल तर ती काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या सूचना कायम ठेवल्या. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण आवाज चढवू नका. जुन्या हॉटेलात मालकाशी नीट बोललं की बहुतेक वेळा तिथल्या तिथे दुरुस्ती होते.

टीप मनानं द्या. वाढणाऱ्याच्या हातात द्या आणि तंदूरवर उभ्या असलेल्या माणसासाठी वेगळे पन्नास-शंभर कॅप्टनकडे ठेवा. मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळीसला टेकतो, तो माणूस त्यातही भट्टीपुढे उभा असतो.

उरलेलं घरी नेताना

घरून दोन स्टीलचे डबे घेऊन जा, पिशवीत रस्सा गळतो. डाळभाजी आणि पाटोडी-रस्सा घरी गेल्यावर उकळी आणून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चांगले लागतात. उरलेल्या रोट्यांचे तुकडे करून कांदा, मिरची, सांबार घालून फोडणी द्या. भात मात्र उन्हाळ्यात आणू नका, रात्रीतून आंबतो. गाडीत बसायच्या आधी कोणाचा चष्मा, काठी, शाल वर राहिली नाही ना, ते एकदा वर जाऊन बघून या. आमच्या बाबांची टोपी खुर्चीवरच राहिली होती, कॅप्टन ती हातात घेऊन जिना उतरून आला.